पडद्यावर मेलेला माझा भाऊ

पेरुंकावु
९ फेब्रुवारी २००१

वासंती,

वर आशीर्वाद लिहू की काय लिहू, यावरच अडून बसले होते. शेवटी नुसतं नाव लिहिलं. इतक्या वर्षांनी नणंदेचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, घरात कुणी गेलेलं नाही. तुझा पत्ता तुझ्या मावशीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. पत्ता मिळेपर्यंत मी तिच्या दारातून हललेच नाही.

तिरुपूरला आपली माणसं पुष्कळ आहेत, तेव्हा तो सिनेमा तिथंही लागेलच. तू तो बघू नकोस आणि श्रीजालाही बघू देऊ नकोस. एवढंच सांगायचं होतं. पण कागद घेतलाय तर सगळंच सांगते.

मागच्या ओणमनंतर सिनेमावाले इथे आले. वडक्केप्पाट जमीनदारांच्या मोठ्या घरात उतरले, त्यांच्याच ओसरीवर जेवले आणि त्यांच्याच तोंडची गोष्ट ऐकून गेले. आम्हाला वाटलं, घर आणि तळं सुंदर आहे म्हणून आलेत. सगळं गाव शूटिंग बघायला जायचं. मीही एकदा गेले होते. नट गोरापान, हसरा. त्याने मला ताई म्हणावं तसं 'चेची, पाणी मिळेल का?' असं विचारलं. मी दिलं.

परवा शेजारची नळिनी म्हणाली, "चल गं विलासिनी, आपलं गाव दिसतंय पडद्यावर." शिवणाचं मशीन झाकून तिच्याबरोबर टॉकीजला गेले. दुपारचा खेळ होता. आपलं गाव दिसलं की लोक टाळ्या वाजवायचे. देऊळ, पिंपळाचा पार, पोफळीची बाग. मीही वाजवल्या.

मग तळं आलं आणि तळ्याभोवतीची काटेरी तार आली. माझे हात तिथेच थांबले.

आपल्या सहदेवनचं नाव त्यात सुदेवन केलंय. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, कमरेला सुरा. तो तळ्यावरच्या बायकांना ओढतो, दारू पिऊन देवळात धिंगाणा घालतो आणि तार तोडतो ती बायकांची अंघोळ बघायला. वासंती, तुझ्या नवऱ्याने तार तोडली होती ती आपल्या आळीतल्या माणसांना त्या पाण्यात उतरता यावं म्हणून. दारूचा थेंब न घेणारा माणूस. हे मी तुला सांगतेय, बघ. म्हणजे माझं काय झालंय ते तुला कळेल.

आणि त्याला मारणारा वडक्केप्पाटचा शेखरनुण्णी म्हणजे देव. कमरेला रुंद जरीकाठाचं मुंडू, पिळदार मिशी, गळ्यात रुद्राक्ष. तो एकटाच बारा जणांना लोळवतो. पोफळीच्या बागेत पाऊस पडतोय, तो कोयता उचलतो आणि म्हणतो, "पेरुंकावुमध्ये दोनच आवाज घुमतात. एक चेंड्याचा, दुसरा माझा." लगेच चेंड्यावर काठ्या पडायला लागतात आणि कोयता खाली येतो. अगदी सावकाश येतो गं. रक्त उडतं तेसुद्धा सावकाश. पोफळीच्या खोडावर, चिखलात, त्याच्या शुभ्र मुंडूवर. माझा भाऊ गुडघ्यावर कोसळला आणि सगळं टॉकीज उभं राहिलं. शिट्ट्या, कागदाचे कपटे, नाच. माझ्या पुढच्या बाकावर चढून एक जण 'अजून एक घाव! अजून एक!' म्हणून ओरडत होता. पुढच्याच क्षणी अजून एक घाव पडला.

तूही आहेस त्यात. तुझं नाव बदललंय. तू त्या शेखरनुण्णीवर मनातून प्रेम करतेस. तो तुला एक थोबाडीत देतो, मग तुला अक्कल येते, आणि शेवटी तू कोर्टात सांगतेस, 'माझा नवरा माणूस नव्हता, याने माझी सुटका केली.'

खऱ्या कोर्टात तू म्हणालीस, 'मी काहीच पाहिलं नाही.' तेव्हापासून मी तुझं तोंड पाहिलेलं नाही. पण त्या अंधारात बसून मला वाटलं, गप्प राहिलीस म्हणून यांनी तुझ्या तोंडात हे घातलं. याचा राग तुझ्यावर काढू की त्यांच्यावर, ते अजून ठरलेलं नाही.

विलासिनी


पेरुंकावु
१२ मार्च २००१

वासंती,

कार्ड मिळालं. 'चेची, झालं ते झालं, पुन्हा लिहू नका.' लिहू नका म्हणालीस तरी लिहितेच. इथे बोलायला कुणी नाही. प्रजीशचे वडील तिकडे आखातात, सलालाहला. आठवड्यातून एकदा त्यांचा फोन येतो, त्यात भाताचं आणि पोराचं विचारतात. बाकी काय सांगणार?

शेखरनुण्णी तुला आठवतो तो कसला? सुटून आल्यावर घरात तोंड लपवून बसलेला. देवळात यायचा तेही गर्दी पांगल्यावर. समोर मी आले की वाट सोडून शेतात उतरायचा. इतकी वर्षं मी त्याच्याकडे बघून थुंकत आले आणि त्याने एकदाही मान वर केली नाही. त्याच्या त्या भीतीवरच मी जगले म्हण ना.

आता बघ त्याला. पहिल्या आठवड्यात पोरं त्याच्या फाटकाशी जमली. दादा म्हणून हाका मारत होती, 'उण्णिएट्टा, बाहेर या!' बिचकत बिचकत आला. दुसऱ्या आठवड्यात मिशी पिळलेली होती. आता संध्याकाळी पारावर बसतो, अंगात सिनेमातलाच सैल सदरा, तो जुबा, काठाचं तेच मुंडू. पोरं पाया पडतात, बायका लेकरं त्याच्या मांडीवर देतात. तो गोष्ट सांगतो, आणि जी सांगतो ती सिनेमातली. बारा माणसं, पाऊस, चेंडा. नळिनीच्या दिराने विचारलं, "उण्णिएट्टा, खरंच पाऊस होता का हो?" तो म्हणाला, "असा पाऊस पुन्हा पाहिला नाही." तेव्हा मीन महिन्यातलं, ऐन उन्हाळ्यातलं कडक ऊन होतं, वासंती! माती इतकी तापलेली की सहदेवनचं रक्त वाळायला वेळ लागला नाही. आणि मला वाटतं तो खोटं बोलत नाही. त्याला आता पाऊसच आठवतो.

नळिनीच्या नवऱ्याने परवा तिला अंगणात थोबाडीत मारली. आमटी अळणी झाली एवढ्यावरून. मारून झाल्यावर सिनेमातलं वाक्य म्हणाला. चार लोक हसले. नळिनीही हसली, गाल धरून. मी विचारलं, "हसलीस कशाला?" तर म्हणाली, "अगं, त्यात तिलाही मारतो ना, आणि मग जवळ घेतो."

माझ्याकडे पोरं 'उण्णी जुबा' शिवून मागतात, तिरक्या गळ्याचा. मी हाकलून देते. ती पलीकडच्या गल्लीत जातात.

आता एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. त्या दुपारी पुढच्या बाकावर चढून 'अजून एक घाव' म्हणून ओरडणारा आमचा प्रजीश होता.

मी तिथे आहे हे त्याला माहीत नव्हतं. घरी आल्यावर मी त्याला शिवणाच्या लाकडी पट्टीने मारलं. एकोणीस वर्षांचा घोडा तो, हात धरू शकला असता, पण धरला नाही. मार खाऊन झाल्यावर शांतपणे म्हणाला, "अम्मा, मामा खरंच कसा होता ते तू मला कधी सांगितलंस? फोटोपुढे दिवा लावतेस आणि रडतेस. बाकीचे सगळे तर वेगळंच सांगतात."

"बाकीच्यांनी सिनेमा बघितलाय!"

"मग मीही तोच बघितलाय ना?"

सहदेवन गेला तेव्हा हा सहा वर्षांचा. त्या संध्याकाळी मी त्याला बसवून सांगायला लागले. सांगता सांगता आठवलं, आमचा सहदेवन तरी कुणी घडवला? वाचनालयाच्या अंगणात चादर बांधून पोरं सिनेमे दाखवायची. काळेपांढरे, रडके, गरिबाचे. त्यात एक कूळ मालकासमोर खांद्यावरचा पंचा काढत नाही. ते बघून आला आणि दुसऱ्या दिवसापासून सहदेवनने वडक्केप्पाटच्या दारात पंचा काढला नाही. आमचे अच्छन रागावले, बापाची भीती ती. तो म्हणाला, "सिनेमात काढत नाही तर मी का काढू?" तार तोडायचं डोक्यात आलं तेही अशाच एका रात्री, त्या चादरीसमोर बसून. तो तसल्या सिनेमांनी उभा राहिला आणि या सिनेमाने त्याला चिखलात घातलं.

प्रजीशने सगळं ऐकून घेतलं आणि जुबा घालून बाहेर गेला. कुठे, ते मी विचारलं नाही. सगळ्या पोरांचा आता एकच अड्डा आहे.

विलासिनी


पेरुंकावु
३० एप्रिल २००१

वासंती,

पेपरात काहीबाही येईल, तिथेही कुणी दाखवेल. घाबरू नकोस. माझ्या कपाळाला थोडं लागलंय, टाके पडलेत. प्रजीश काही दिवस घरी नाही. बाकी ठीक.

वि.


पेरुंकावु
१७ मे २००१

वासंती,

ठीक काहीच नाही.

तुझं लांब पत्र आलं. तीनदा वाचलं. तुझी साक्ष होती त्या सकाळी वडक्केप्पाटची एक बाई तुझ्या दारात आली, 'बाळ बघू' म्हणाली आणि दोन महिन्यांच्या श्रीजाला कडेवर घेऊन विहिरीच्या कठड्यावर बसली. पाय आत सोडून, अंगाई म्हणत. तू कोर्टातून परत येईपर्यंत ती तिथेच बसून होती. हे मला आज कळतंय. का नाही सांगितलंस गं? मी इथेच होते, एका हाकेवर. आता तू म्हणशील, चेची, तुम्ही ऐकण्याच्या मनःस्थितीत होता का? म्हण. मी ऐकते.

आता माझं ऐक.

एप्रिलच्या शेवटी टॉकीजमध्ये सिनेमाचा सोहळा होता. नटाच्या चाहत्या पोरांची संघटना आहे, तिने ठेवलेला. नट येणार नव्हता, म्हणून शेखरनुण्णीला मखरात बसवलं. दुपारची वेळ. पडद्यापुढच्या लाकडी मंचावर खुर्ची, समईसारखा निलविळक्कु पेटवलेला, टेबलावर पितळी मुठीचा कोयता, त्याला भेट द्यायला आणलेला. मी गेले ते ठरवून गेले. हातात काही नव्हतं.

मंचावर त्याच्या डोक्यावर छत्री धरून प्रजीश उभा होता. माझा मुलगा.

मी तिथूनच मागे फिरले असते, पण मागून लोक ढकलत होते. मी वर चढले आणि माईक हातात घेतला. पोरांना वाटलं, ही बाई सत्कार करायला आलीय. टाळ्या झाल्या.

मी म्हणाले, "मी सहदेवनची बहीण. यांनी त्याला कसं मारलं ते मी सांगते. पाऊस नव्हता. तो अंघोळीला निघाला होता, खांद्यावर पंचा होता. हे पाच जण पोफळीच्या मागे दबा धरून होते. पहिला घाव मागून, गुडघ्याच्या शिरेवर. तो पडल्यावर या माणसाने कोयता उचलला, एकदा मारला, दंडावर, आणि तिथेच ओकला. याला हात धरून उभं करावं लागलं. बाकीचं काम त्याच्या माणसांनी केलं. मी हाक ऐकून धावत गेले, तेव्हा सहदेवन जिवंत होता, हे त्याच्याच तोंडचं. त्याचं बोट माझ्या हातात होतं, फक्त हाताला जोडलेलं नव्हतं."

मग मागून एक जण ओरडला, "ए म्हातारे, खाली उतर!" आणि सोड्याची बाटली आली. माझ्या कपाळावर फुटली. डोळ्यांत रक्त उतरलं, सगळं टॉकीज लाल दिसायला लागलं. मी माईक सोडला नाही. म्हणाले, "विचारा त्याला! ओकलास की नाही रे?"

शेखरनुण्णीचा चेहरा पांढरा पडला होता. एका क्षणापुरता तोच जुना, शेतात उतरणारा माणूस दिसला मला. त्याला सगळं आठवलं होतं, वासंती, मी शपथेवर सांगते. पण खालून पोरं ओरडायला लागली, "उण्णिएट्टा! उण्णिएट्टा!" आणि त्याने मिशीला हात लावला. उठला, माझ्या जवळ आला आणि मला थोबाडीत मारली. सिनेमातली. उलट्या हाताची. माईकमधून तिचा आवाज सगळीकडे घुमला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या.

"पेरुंकावुमध्ये दोनच आवाज..." एवढंच तो बोलला.

प्रजीशने छत्री टाकली आणि टेबलावरचा कोयता घेतला. पहिला घाव खांद्यावर बसला. शिट्ट्या आणखी वाढल्या! त्यांना वाटलं, नाटक आहे, बसवलेलं. रक्त पडद्यावर उडालं तेव्हाही काही जण टाळ्या वाजवत होते. दुसरा घाव बरगडीत रुतला, कोयता ओढून काढायला प्रजीशला पाय लावावा लागला. तेव्हा कुठे किंचाळ्या सुरू झाल्या. माणसं एकमेकांना तुडवत दाराकडे पळाली.

शेखरनुण्णी गुडघ्यावर बसला. हात जोडले. त्याच्या एका हाताला आता जोर नव्हता, तो दुसऱ्याने धरून जोडला. मी ओरडत होते, "बस, प्रजीश! मोने, बस!" तिसरा घाव मानेवर होता.

आणि आमचा मुलगा तिथेच बसला. जुब्यावर रक्त, मुंडू मुताने भिजलेलं, नाकातून शेंबूड वाहतोय, हुंदके देतोय. दात वाजत होते त्याचे.

शेखरनुण्णी दोन दिवस दवाखान्यात जिवंत होता. पोरं व्हरांड्यात बसून होती. 'उण्णिएट्टन उठतील,' म्हणत होती. पडद्यावर तो उठतोच ना.

विलासिनी


पेरुंकावु
३ ऑगस्ट २००१

प्रिय वासंती,

तू येते म्हणतेस, पण श्रीजाची शाळा मोडून येऊ नकोस. खटला उभा राहायला अजून वेळ आहे.

काल कोचीहून एक माणूस आला होता. पांढरा शर्ट, मऊ बोलणं. मी चहा दिला. तो सिनेमा लिहितो, तो पहिला नव्हे, दुसरा. म्हणाला, "चेची, पहिल्या सिनेमाने तुमच्यावर अन्याय केला, तो आम्ही धुऊन काढणार. भाच्याने मामाचा सूड घेतला! केवढी मोठी गोष्ट आहे ही!" मला आधी बरं वाटलं, खोटं का सांगू? सहदेवन पुन्हा चांगला दिसेल, स्वच्छ कपड्यात.

मग त्याने विचारलं, "घाव घालताना तो काय म्हणाला?"

"काही नाही. रडत होता."

"म्हणजे... डोळ्यांत पाणी?"

"नाही हो. मुतला होता."

पेन थांबलं. हसून म्हणाला, "ते आम्ही बघून घेऊ. एखादं वाक्य द्यायला लागेल."

पारावर आता पोरं प्रजीशचं नाव घेतात. तीच पोरं! मागच्या तारखेला त्याला कोर्टात आणलं तेव्हा फाटकाशी शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी त्याचा फोटो छापून आणला होता. तुरुंगात भेटायला गेले तर माझ्या टाक्यांची चौकशी केल्यावर त्याने विचारलं, "अम्मा, बाहेर माझं नाव घेतात का गं?" आणि त्याचं बोट मिशीकडे गेलं. अजून नीट फुटलीही नाही ती मिशी.

मी घरी येऊन चूल पेटवलीच नाही.

आपला वकील म्हणतो, "आई, तुम्ही एवढंच सांगा की शेखरनुण्णीने कोयता तुमच्यावर उगारला. पोराने तो हिसकावला. झटापटीत लागलं. बाकी कुणी साक्ष देणार नाही, सगळे पळाले होते." असं सांगितलं तर सजा कमी होईल, कदाचित सुटेलही. सुटला की पारावर बसवतील त्याला. पोरं पाया पडतील, आणि काही वर्षांनी त्याला आठवेल की त्या दिवशी टॉकीजमध्ये पाऊस पडत होता.

काय करू ते सांग. नको, सांगू नकोस. तुझ्यावर टाकायला नको हे.

विलासिनी


पेरुंकावु
२१ सप्टेंबर २००२

प्रिय वासंती,

साक्ष झाली. परवाच.

कोर्ट खचाखच भरलेलं होतं. पोरं, बायका. शेवटच्या बाकावर तो कोचीचा माणूसही. प्रजीश पिंजऱ्यात मान ताठ ठेवून उभा होता. मिशी आता नीट आलीय.

मी सगळं सांगितलं. थोबाडीत मारली ते सांगितलं. कोयता टेबलावरून घेतला ते सांगितलं. आपल्या वकिलाने मान खाली घातली. दुसरा घाव, पाय लावून ओढलेला कोयता. मग तो गुडघ्यावर बसला आणि हात जोडले, तेसुद्धा. सरकारी वकील म्हणाला, "म्हणजे तिसरा घाव शरण आलेल्या माणसावर घातला?" मी म्हणाले, "हो. माझ्या मुलाने." मग, त्याने विचारलंही नव्हतं, तरी मुंडू ओलं झालेलं सांगितलं, शेंबूड सांगितला, वाजणारे दात सांगितले. जज्जसाहेब म्हणाले, "हे आवश्यक नाही." मी म्हणाले, "आहे, साहेब. बाहेर पोरं उभी आहेत."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. पोरं एकेक करून उठून गेली. कोचीचा माणूस तर जेवणाच्या सुट्टीपर्यंतही थांबला नाही.

प्रजीशकडे बघायची माझी छाती झाली नाही. लोक काय म्हणतात ते लिहीत नाही, तू ओळखशीलच. नळिनीने बोलणं सोडलंय. प्रजीशच्या वडिलांनी फोनवर एवढंच विचारलं, "तू त्याची आईच ना?" आणि फोन ठेवला. मलाही तेच वाटत होतं. पोटच्या पोराला मी खाली ढकललं.

आज भेटीचा दिवस होता. तो येणार नाही असं धरूनच गेले. तो आला. जाळीपलीकडे बसला. मिशी काढून टाकली होती, आणि ओठ सुजल्यासारखा, लहान मुलासारखा दिसत होता. मी म्हणाले, "शिव्या द्यायच्या तर दे."

तो म्हणाला, "अम्मा, साक्षीत एक राहिलं तुझं."

"काय?"

"शेवटी तो मला काहीतरी म्हणाला. तू ओरडत होतीस, तुला ऐकू गेलं नसेल. तो म्हणाला, 'मोने, नको.' बाळा, नको. मग मी मारलं." त्याने जाळीत बोटं अडकवली. "तीस तारखेला मला जज्जसाहेब विचारणार आहेत. मी सांगणार आहे ते."

वकिलाने गप्प राहायला सांगितलंय त्याला. मी जाळीतून जेवढी बोटं धरता आली तेवढी धरून बसले, शिपाई उठवेपर्यंत.

तीस तारखेला तू आलीस तर बरं होईल, वासंती. श्रीजालाही आण. तिच्या वडिलांबद्दल तिला जे ऐकायचं असेल ते मी सांगेन. आणि माझ्याशेजारी कुणीतरी बसलेलं असेल.

तुझी,
विलासिनीचेची